एकसष्ट उतरंडी

देशाची जमीन जिथं संपते आणि कोकणाचा कडा सुरू होतो, त्या घाटमाथ्यावर करंजघर नावाचं तीस-पस्तीस उंबऱ्यांचं गाव होतं. या गावाचं भाग्य असं, की निवांत महाराज तिथं सोळा वर्षं राहिले. ते कुठून आले ते कुणाला कळलं नाही. मारुतीच्या देवळापुढं करंजाच्या झाडाखाली कांबळं टाकून बसले ते बसलेच. त्यांचं मूळ नावही कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी रडत येवो, भांडत येवो, धावत येवो, महाराज एवढंच म्हणत, "आधी बस. निवांत बस." मग तेच त्यांचं नाव पडलं. आणि खरं सांगायचं तर आलेल्यांची निम्मी दुखणी त्या नुसत्या बसण्यानंच पळून जात.

गावाच्या पश्चिमेला भैरमाथा उभा होता. केवढा थोरला डोंगर! त्याच्या माथ्यावर भैरोबाचं ठाणं, आणि ठाण्यामागं सरळ तुटलेला कडा. माथ्यावरून पार समुद्रापर्यंत कोकण दिसतं असं म्हणत. गावातून मात्र डोंगराशिवाय काही दिसत नसे. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी भैरोबाची जत्रा भरे. त्या दिवशी गाव डोंगर चढे, आणि जो निशाणाची काठी खांद्यावर घेऊन, वाटेत कुठंही न बसता, सगळ्यांच्या आधी माथा गाठील त्याला गुरव लाल फेटा बांधत असे. अशा गड्याला म्हणत 'एकदमी'. एका दमात चढला तो एकदमी.

बारा वर्षं हा फेटा सुभानराव धुमाळांच्या डोक्याला होता. माणूस वाईट नव्हता. अडल्यानडल्याला खांदा द्यायचा. पण बारा फेट्यांनी डोकं जरा जड होणारच! भैरमाथ्याच्या वाटेवर आपण बूड टेकलं नाही, हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकवायचे. ऐकणारा नवा नसला तरी चालायचं.

याच गावात ठकूबाई राहत होती. बाराव्या वर्षी कोकणातून घाट चढून ती करंजघरची सून झाली. तिचं माहेर खारवणे, खाडीच्या तोंडावरचं. लग्न होऊन निघताना तिची आई म्हणाली होती, "ठकू, तुझा डोंगर आपल्या अंगणातून दिसतो गो. मी रोज दिवेलागणीला तिकडं बघीन. तू पण वरून बघत जा. तेवढीच भेट." आणि पोरीनं डोळे पुसत कबूल केलं होतं, "बघेन गो आये."

कबूल केलं खरं, पण बघणं झालंच नाही. आधी सासू वर जाऊ देईना, मग पोरंबाळं, मग शेत, मग नवऱ्याचं आजारपण. घाटातली माहेरची वाट एका पावसात दरडीखाली गेली. आई गेल्याचा निरोपसुद्धा ठकूबाईला चार महिन्यांनी कळला. आता घरात सुना होत्या, हाताला उसंत होती, आणि नेमके गुडघे गेले. दात होते तेव्हा चणे नव्हते, तशातली गत. यंदा अंगणाच्या पायऱ्या उतरतानाच तिला भिंत धरावी लागे. पुढच्या वर्षी तेही होणार नाही, हे तिला उमजलं होतं.

जत्रेच्या आदल्या दुपारी ती महाराजांपुढं येऊन बसली.

"महाराज, उद्या भैरमाथ्याला जाऊ का?"

"जा की. भैरोबा काय नको म्हणतोय?"

"भैरोबा कशाला म्हणंल? गुडघे म्हणतात."

महाराज हसले. मग ठकूबाईनं आपल्या आईची गोष्ट सांगितली. अठ्ठेचाळीस वर्षं तिनं ती कुणाला सांगितली नव्हती. "एकदा वरनं बघायचं हाय, महाराज. आये नाही आता, ठाऊक हाय मला. पण शब्द दिलेला बाकी हाय."

महाराजांनी भैरमाथ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "उद्या पहाटे सगळ्यांच्या आधी नीघ. दमलीस की बस."

"मग सारखं बसावंच लागंल की!"

"बस की सारखं. पण उठायच्या आधी तिथं तीन धोंडे एकावर एक ठेवायचे. थोरला खाली, धाकटा वर. म्हणजे दमून बसले होते असं मनाला लागत नाही. कामाला बसले होते असं वाटतं."

"म्हणजे उतरंड रचायची म्हणा की!" ठकूबाईला एकदम सोपं वाटलं. घरात मडक्यांची उतरंड रचण्यात तिचा जन्म गेला होता.

सुभानराव तिथंच करंजाला टेकून काठीला नवं फडकं बांधत होते. त्यांना हसू आवरेना. "काकी, आवो तुमी बसत बसत वर जाणार तर भैरोबाला सांगून ठिवतो, दिवाळीला पोचत्याल म्हनून! आन् महाराज, डोंगर चढायचा तर छाती लागती. बसायला काय, म्हशी बी बसत्यात."

चारजण हसले. ठकूबाईनं पदर सारखा केला आणि खाली बघितलं. महाराज एवढंच म्हणाले, "बसावं लागतं रे, सुभाना. सगळ्यांनाच एकदा."

रविवारी तांबडं फुटायच्या आत ठकूबाई निघाली. हातात काठी, कमरेला भाकरीचं फडकं. पाऊस नुकताच सरला होता. गवत माणसाच्या छातीला लागत होतं आणि वाट त्यात बुडून गेली होती. सोनकीची पिवळी फुलं सगळ्या उतारावर पसरली होती. चढ मात्र असा, की पुढच्याची टाच आपल्या नाकासमोर यावी.

तीस पावलं झाली, गुडघ्यात कळ आली. ती बसली. तीन धोंडे रचले, "निवांत, निवांत" म्हणाली, उठली. पुन्हा तीस पावलं, पुन्हा बसली. आधी तिला कसंसंच वाटत होतं, पण दहा-बारा उतरंडी झाल्यावर ती रमली. चपटा धोंडा कुठला, गोल कुठला, कोण कुणावर बसेल, हे बघण्यात दुखणं जरा मागं पडलं. एकदा तर वरचा धोंडा मनासारखा मिळेना म्हणून ती दम परत येऊनही शोधत बसली. संसार करणाऱ्या बाईला अर्धवट काम कसं सोडवेल!

ऊन वर आलं तसा खालून डफाचा आवाज आला. गाव चढत होतं. सगळ्यांच्या पुढं सुभानराव, खांद्यावर निशाण, अंगावर घामाच्या धारा. ठकूबाई बाजूला झाली. तिच्या पायाशी नुकतीच रचलेली उतरंड होती.

"काय काकी, डोंगर चढताय का डोंगर बांधताय?" सुभानराव न थांबता ओरडले. मागचे खदखदून हसले. आणि जाता जाता त्यांनी पायाच्या अंगठ्यानं ती उतरंड उडवली. वरचा धोंडा गडगडत गवतात गेला.

ठकूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती कुणाशी भांडणार होती? माणसं पुढं गेल्यावर तिनं गवतात हात घालून धोंडा शोधला, परत जागेवर ठेवला, आणि मग उठली.

दुपार कलता कलता ती जांभळीच्या टप्प्याला पोचली. ही बरोबर निम्मी वाट. इथून वर खरा डोंगर होता. जांभळीच्या बुंध्याला टेकून तिनं भाकरी खाल्ली, उतरंड रचली आणि काठीवर जोर देऊन उठायला गेली. गुडघे उठेनात. पुन्हा जोर केला. उजवा गुडघा असा काही सणकला, की ती मटकन खाली बसली.

"एवढं आले, आन् हितंच का गो आये?" ती स्वतःशीच म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

त्याच वेळी कोकणातून धुकं आलं. कड्याखालून वाफ उठावी तसं ते उठलं आणि बघता बघता माथा गेला, वरची वाट गेली, हातातली काठी तेवढी दिसत राहिली. वर डफ वाजत होता, तो थांबला. मग माणसांच्या हाका ऐकू येऊ लागल्या. पहिल्यांदा थट्टेच्या, मग घाबऱ्या. कुणी "इकडं, इकडं" म्हणे, कुणी "थांबा, हलू नका" म्हणे. एक मूल रडत होतं.

माथ्यावर गुरांच्या वाटा गवतातून दहा ठिकाणी फुटतात हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. त्यातली एक खाली येते. बाकीच्या बऱ्याचशा कड्यावर जाऊन संपतात. तिच्या लग्नाच्या वर्षी अशाच धुक्यात दोन गुराखी गेले होते. आणि आज वर चाळीसभर माणसं होती, बायाबापड्या होत्या.

ती आपलं रडणं विसरली. तिनं हात जोडले. "महाराज, माझं राहू द्या. माझं माहेर कुठं पळून जात नाही. ती वरची लेकरं तेवढी खाली आणा. मला कायबी दाखवू नका, पण त्यांना वाट दाखवा." आणि डोळे मिटून ती महाराजांचं नाव घेत बसली. दुसरं तिला करता येण्यासारखं काही नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यातून पावलं वाजली. एकामागून एक माणसं उतरत होती. पुढच्याचा पदर, पुढच्याचं उपरणं धरून, आंधळ्यांच्या माळेसारखी. सगळ्यांच्या पुढं सुभानराव होते. तोंड पांढरंफटक, नव्या फेट्याचा शेव सुटून खांद्यावर आलेला. जांभळीखाली बसलेली ठकूबाई दिसताच ते धावत आले.

"काकी! आवो, तुमी कवा गेलासा वर? आन् आमच्या आधी खाली कशा आला?"

"मी कुठं वर गेले? हितंच बसलीय मघाधरनं. गुडघा उचलंना."

"मस्करी करू नका, काकी. पार ठाण्यापासनं उतरंडी हायती तुमच्या!"

ठकूबाईला काही कळेना. तेव्हा सुभानराव धापा टाकत सांगू लागले. धुकं आल्यावर ते म्हणाले होते, "माझ्या मागनं या, मला ही वाट डोळे झाकून ठावी हाय." आणि निघाले होते. वीसेक पावलांवर त्यांच्या पायाखालून एक दगड सुटला. तो पडल्याचा आवाजच आला नाही! कड्याच्या काठावर उभे होते ते. बारा वर्षांचा एकदमी तिथं लटलट कापला. मागं सरताना त्यांचा पाय कशाला तरी अडखळला. वाकून चाचपलं तर तीन धोंडे, थोरला खाली, धाकटा वर. सकाळी ज्या अंगठ्यानं असली उतरंड उडवली, त्या अंगठ्याला ती ओळखू आली. तीस पावलांवर दुसरी होती. तिच्यापासून तीस पावलांवर तिसरी. त्या धरून सगळं गाव उतरलं.

"मी मोजत आलो," सुभानराव म्हणाले. "मोजलं नसतं तर भीतीनं बसलो असतो. एकसष्ट भरल्या. एकसष्टावी ही बघा, हितं वरच्या अंगाला."

ठकूबाईनं मान वळवून बघितलं. जांभळीपासून वरच्या बाजूला, जिथं ती गेलीच नव्हती, तिथं धुक्यात तीन धोंडे एकावर एक उभे होते. तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. "ही माझी नव्हं रं, सुभाना. महाराजांची शपथ, ही माझी नव्हं."

दोघा गड्यांनी ठकूबाईला आधार दिला आणि सगळे गुपचूप खाली उतरले. खालच्या वाटेवर तिच्या उतरंडी होत्याच.

गावात पोचले तेव्हा ऊन होतं. महाराज करंजाखाली होते तसेच बसले होते. देवळातली गुरवीण सुंदराबाई कमरेवर हात ठेवून तक्रारीच्या सुरात म्हणाली, "बरं झालं आलासा! दुपारपासनं महाराज लहान पोरागत खडे रचत बसल्यात. मी झाडायला गेले तर म्हणाले, आज अंगण झाडू नको सुंदरा, वाट मोडंल."

सगळ्यांनी खाली बघितलं. महाराजांच्या कांबळ्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत अंगणात खड्यांच्या इवल्या इवल्या उतरंडी ओळीनं उभ्या होत्या. तीन तीन खडे. थोरला खाली, धाकटा वर. सुभानराव गुडघ्यावर बसून बोटानं मोजू लागले. साठापर्यंत ते मोठ्यानं मोजत गेले. एकसष्टावी पायरीशी होती.

मग ठकूबाईला महाराजांचे हात दिसले. खडे कसले, करंगळीच्या पेरापेक्षा लहान! पण महाराजांच्या बोटांची टोकं सोलवटून निघाली होती आणि नखांत काळी ओली माती होती, डोंगरावरची.

सुभानराव धाडकन महाराजांच्या पायांवर पडले. "महाराज, चुकलो! काकीची उतरंड मी लाथाडली. तुमच्यापुढं म्हशीचं बोललो. मला पदरात घ्या!"

महाराजांनी पाय आवरून घेतले. "चुकलास तर चुकलास. पण इथं कशाला वाकतोस? मी आज दमलोय, मला बसू दे. तुझी पाठ चांगली रुंद आहे. आणि या बाईचं काम राहिलंय." मग सुंदराबाईकडं वळून ते म्हणाले, "सकाळी झाड हो अंगण."

दुसऱ्या दिवशी उजाडता सुभानराव ठकूबाईच्या दारात हजर झाले. पाठ करून खाली बसले आणि म्हणाले, "काकी, बसा."

"अरे, काय हे! लोक काय म्हणतील?"

"लोक काल धुक्यात माझा पंचा धरून उतरलेत. काय म्हणत्यात ते बघतो मी."

तेव्हा ठकूबाई हसली आणि सुभानरावांच्या पाठंगुळी बसली. अंगात होतं काय तिच्या? ओल्या धुण्याचं गाठोडं जड होईल. तरी पाठीवर माणूस घेऊन भैरमाथा चढणं म्हणजे खेळ नव्हे. जांभळीपाशी सुभानरावांचा श्वास फुलला.

"बस रं जरा," ठकूबाई म्हणाली.

"काकी, मी हितं कधी बसलो न्हाई."

"मग आज बघ बसून."

सुभानराव बसले. जांभळीची सावली गार होती. कुठंतरी पाणी झिरपत होतं. सोनकीवर मधमाश्या गुणगुणत होत्या. सुभानरावांनी चारी बाजूंना बघितलं, जणू कुणी त्यांना नवख्या गावात आणून सोडलं होतं. मग ते हसले आणि म्हणाले, "बरं वाटतंय की!"

जांभळीच्या वर मात्र एकही उतरंड नव्हती. सुभानराव चार ठिकाणी थांबले, गवत बाजूला सारून शोधलं. एक धोंडा दुसऱ्यावर नव्हता.

"सुंदराबाईनं अंगण झाडलं असंल," ठकूबाई शांतपणे म्हणाली. "काम झाल्यावर कोण उतरंड मांडून ठेवतं?"

असं सहा-सात ठिकाणी बसत, गप्पा मारत ते दोघं माथ्यावर पोचले. भैरोबाला नमस्कार करून सुभानरावांनी तिला ठाण्यामागं, कड्यापासून हातभर अलीकडच्या सपाट कातळावर उतरवलं.

आभाळ धुतल्यासारखं होतं. धुक्याचा ठिपका नव्हता. खाली सगळं कोकण पसरलं होतं. हिरव्या टेकड्या, भाताची पिवळी खाचरं, त्यांच्यामधून वळत गेलेली खाडी, आणि लांब, अगदी लांब, उन्हात लकाकणारा समुद्र. ठकूबाई टक लावून बघत राहिली. ओठ तेवढे हलत होते. मग तिनं हात वर केला.

"ती खाडी शेवटाला वळते बघ, विळ्यासारखी? त्या विळ्याच्या टोकाला खारवणं. तिथं आमचं अंगण." आणि मग सुभानरावांशी नव्हे, खाली त्या टोकाशी ती बोलली. "आये, आले गो. उशीर झाला, पण आले. बघितलं गो तुझं अंगण."

तिचे डोळे वाहत होते आणि चेहरा बारा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता.

सुभानराव मागं उभे होते. ते समुद्राकडं बघत होते, तोंड उघडं टाकून. मग त्यांचा आवाज आला. "काकी, बारा वर्षं म्या हितं येतोय. सगळ्यांच्या आधी पोचतोय. निशाण रोवायचं, फेटा बांधून घ्यायचा आन् मिरवत खाली पळायचं. हे म्या कधी बघितलंच न्हाई, काकी. हे हितं हाय हेच मला ठावं नव्हतं."

त्यांनी डोक्याचा लाल फेटा उतरवला. आपण कुणापुढं वाकतोय, भैरोबापुढं, की करंजाखाली बसलेल्या त्या माउलीपुढं, की या म्हातारीपुढं, हे त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसतं. फेटा ठकूबाईच्या पायाशी ठेवून त्यांनी कातळावर कपाळ टेकलं आणि ते तसेच वाकून राहिले.

ठकूबाईनं मागं वळून बघितलं. तिला वाटलं, पोर न्यायलाच वाकलंय. तिनं त्यांच्या पाठीवर अलगद हात ठेवला आणि म्हणाली,

"थांब रं बाबा, एवढ्यात नको. जरा बघू दे."